पत, व्यक्तिगत : नागपूर प्रदेशातील इतिहास

घेतलेले कर्ज ठरल्या वेळी फेडण्याची एखाद्या व्यक्तीची शक्ती आणि इच्छा यांविषयी कर्ज देणाऱ्यास वाटणारा विश्वास म्हणजे त्या व्यक्तीची पत होय. पत ही ऋणकोची मानली जात असली, तरी ती वस्तुतः धनकोच्या मनात व त्याच्या दप्तरात असते. त्यामुळे तिच्या इतिहासात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा उद्‌भवलेले दिसतात : पतविषयक नोंद कोण ठेवतो, आणि ज्याच्याविषयी ती नोंद आहे त्यास ती पाहता व दुरुस्त करून घेता येते काय? नागपूर व त्याभोवतीचा विदर्भ यांच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे सावकाराची वही, सहकारी पतसंस्था, कर्जसमेट मंडळे, व्यापारी बँका आणि अलीकडच्या काळातील पतमाहिती कंपन्या अशा पाच टप्प्यांतून मिळत गेली. आज नागपूरच्या बाजारात ‘सिबिल’ या शब्दाने ओळखला जाणारा तीन अंकी पतगुणांक हा या मालिकेतील शेवटचा टप्पा आहे.

सावकारी पत : अठराव्या शतकात भोसल्यांची राजधानी झाल्यानंतर नागपूर ही व्यापाराची व सराफीची पेठ बनली. १८२१ मध्ये जवळच कामठी येथे इंग्रजांची लष्करी छावणी वसली आणि तेथेही पेढ्या निघाल्या. बिकानेरकडून आलेल्या बन्सीलाल अबीरचंद यांच्या पेढीचा व्यवहार पुढे देशातील अनेक शहरांत पसरला. त्याच घराण्यातील सर कस्तुरचंद डागा यांचे नाव नागपुरातील कस्तुरचंद पार्कमुळे आजही लोकांच्या तोंडी आहे. पेढ्यांमधील आपसांतला व्यवहार हुंडीवर चाले. हुंडीच्या दर्शनी व मुदती या प्रकारांबरोबर शाहजोग हा एक प्रकार होता. बाजारात प्रतिष्ठित म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ‘शाहा’लाच तिची रक्कम मिळत असे. हुंडी कोणी आणली, त्याला कोण ओळखतो, त्याची पूर्वीची हुंडी कधी नाकारली गेली होती काय, या गोष्टी पेठेत सर्वांना ठाऊक असत. व्यापाऱ्याची पत ही अशा रीतीने पेठेची सामाईक माहिती होती आणि ज्याची पत तपासली जाई, तोही त्याच पेठेत बसलेला असे.

शेतकऱ्याच्या पतीचे स्वरूप मात्र वेगळे होते. त्याची माहिती पेठेला नव्हे, तर एकट्या सावकाराला असे. शेताचा कस, घरातील कर्ती माणसे, बैलजोडी, लग्नकार्ये, मागील फेड हे सारे सावकाराच्या स्मरणात असे आणि आकडे त्याच्या वहीत असत. मारवाडी सावकारांच्या वह्या बहुधा मुडिया किंवा महाजनी लिपीत, तर मराठी सावकारांच्या मोडीत लिहिलेल्या असत. बहुसंख्य कुळांना कोणतीच लिपी वाचता येत नसे. बियाण्यासाठी धान्य घेऊन सुगीला दीडपट परत करण्याची वाढीदिढीची पद्धत सर्वत्र रूढ होती. सहा महिन्यांत पन्नास टक्के म्हणजे सरळ व्याजाने वर्षाला शंभर टक्के, हे गणित कुळाच्या ध्यानी येत नसे, कारण व्यवहार मापांत होई, टक्क्यांत नव्हे.

हिंदू धर्मशास्त्रातील दामदुपटीच्या नियमाने एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, अशी मर्यादा घातली होती. परंतु मुदत संपताच थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा कर्जरोखा लिहून घेतला, की नव्या रोख्यातील सारी रक्कम मुद्दलच दिसे. नियम कायम राही आणि त्याचे संरक्षण नाहीसे होई. रोख्यावर अंगठा उमटविणाऱ्यास मूळ रक्कम किती होती, हे पुढे सिद्ध करता येत नसे.

दप्तर व कायदा : १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले व १८६१ मध्ये नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी झाली. जमाबंदीत मालगुजारांना मालकी हक्क मिळाले आणि वऱ्हाडात रयतवारी पद्धती आली. त्यामुळे जमीन ही गहाण टाकण्याजोगी मालमत्ता बनली. १८६१–६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाला विलक्षण भाव आला, १८६७ मध्ये नागपूरला आगगाडी पोहोचली आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस पिकविणाऱ्याला कर्ज देण्यास सावकार पूर्वीपेक्षा अधिक उत्सुक झाले, कारण आता माणसावर विश्वास ठेवण्याची गरज उरली नव्हती. जमीन तारण होती आणि वसुलीस दिवाणी न्यायालय होते. पूर्वी कुळ बुडाले तर सावकाराचेही नुकसान होई. आता कुळ बुडाले तरी जमीन हाती येई. कर्जाची उपलब्धता वाढली, परंतु ऋणकोची खरी पत, म्हणजे त्याच्या शब्दाची किंमत, घटली.

या स्थितीचा स्फोट नागपुरात नव्हे, तर पश्चिम महाराष्ट्रात झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, तो त्यांच्या कागदांवर होता. कर्जरोखे हिसकावून ते जाळण्यात आले. जी नोंद वाचता येत नाही व खोडता येत नाही, ती नष्ट करणे एवढाच उपाय त्यांना दिसला. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि शेतकरी ऋणकोस पावती, वार्षिक हिशेब व हिशेबाचे पासबुक मागण्याचा हक्क दिला. आपली नोंद पाहण्याचा ऋणकोचा हक्क मराठी प्रदेशात कायद्याने मान्य होण्याची ही महत्त्वाची पायरी होती. मात्र हा कायदा मध्य प्रांतास लागू नव्हता. नागपूर प्रदेशात १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी कर्जबाजारीपणा आणखी वाढविला.

सहकारी पत : जर्मनीत फ्रीड्रिख राइफआयझेन याने उभारलेल्या ग्रामीण पतसंस्थांच्या धर्तीवर भारतात १९०४ चा सहकारी पतसंस्था अधिनियम करण्यात आला. एकाच गावातील किंवा नगरातील किमान दहा व्यक्तींना पतसंस्था काढण्याची मुभा मिळाली व ग्रामीण संस्थांच्या सभासदांची जबाबदारी अमर्यादित ठेवण्यात आली. एकाने कर्ज बुडविल्यास त्याचा भार इतरांवर येणार असल्याने प्रत्येक जण दुसऱ्याची पत जाणून घेईल व तिच्यावर लक्ष ठेवील, ही त्यामागील कल्पना होती. ज्याच्याजवळ तारण नाही, त्याच्यासाठी शेजाऱ्यांची खात्री हेच तारण ठरणार होते.

या संस्थांत सभासदाची जमीन, जनावरे, देणी व येणी यांची हैसियत नोंदवही ठेवली जाई आणि तीवरून त्याची कर्जमर्यादा ठरे. ही नोंद सावकाराच्या वहीहून दोन बाबतींत वेगळी होती. ती पंचांसमोर लिहिली जाई आणि सभासदास ती पाहता येई. सहकारी चळवळीची तपासणी करणाऱ्या मॅक्लेगन समितीने १९१५ मध्ये सभासदांच्या परस्पर परिचयावर व वेळेवर फेडीवर भर दिला. प्रत्यक्षात अनेक संस्थांत कागदी फेड होऊ लागली. जुने कर्ज फेडल्याचे दाखवून त्याच दिवशी नवे दिले जाई. शिवाय पत ठरविणारे पंच गावातील वजनदार लोक असल्याने भूमिहीन व दलित कुटुंबांची हैसियत बहुधा शून्यच राही. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले, तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडातील सहकारी संस्थांची थकबाकी मोठ्या प्रमाणात वाढली. प्रामाणिक शेतकऱ्यालाही फेड अशक्य झाली. पत ही केवळ व्यक्तीच्या सचोटीवर अवलंबून नसून बाजारभावावरही असते, हे या मंदीने दाखवून दिले.

कर्जसमेट मंडळे व सावकारी कायदा : मंदीच्या काळात नागपूरच्या प्रांतिक विधिमंडळाने केलेले दोन कायदे पतविषयक इतिहासात विशेष महत्त्वाचे आहेत. १९३३ च्या मध्य प्रांत कर्जसमेट अधिनियमान्वये कर्जसमेट मंडळे स्थापन झाली. धनको व ऋणको या दोघांनाही मंडळाकडे अर्ज करता येई. मंडळ सर्व धनकोंना आपापल्या येण्याचे विवरण कागदपत्रांसह सादर करण्यास सांगे. मुदतीत विवरण न दिलेले कर्ज फिटले असे मानले जाई. विवरणे आल्यावर मंडळ उभयतांत तडजोड घडवून आणी आणि ऋणकोच्या ऐपतीनुसार हप्ते ठरवी. वाजवी तडजोड नाकारणाऱ्या धनकोस पुढे न्यायालयात खर्च व वाढीव व्याज मिळण्यास अडथळा येई. पंजाब, बंगाल, मद्रास इ. प्रांतांतही पुढील तीन वर्षांत या प्रकारचे कायदे झाले. १९३९ च्या कर्जबाजारीपणा निवारण अधिनियमाने मध्य प्रांत व वऱ्हाडात या कामासाठी न्यायालये स्थापण्याची तरतूद केली.

दुसरा कायदा १९३४ च्या सावकारी अधिनियमाचा होय. त्यान्वये सावकाराने प्रत्येक ऋणकोचा हिशेब स्वतंत्र ठेवणे, दर वर्षी त्यास स्वाक्षरीचे व वाचता येईल असे विवरण देणे आणि मिळालेल्या रकमेची पावती देणे बंधनकारक झाले. विवरण मिळूनही ऋणकोने हरकत घेतली नाही, एवढ्यावरून त्याने हिशेब मान्य केला असे समजले जाणार नव्हते. हे नियम न पाळणाऱ्या सावकाराचे व्याज न्यायालयास पूर्णतः किंवा अंशतः नाकारता येई. मुंबई इलाख्यात १८७९ मध्ये मान्य झालेला हक्क नागपूर प्रदेशात अशा प्रकारे पंचावन्न वर्षांनी आला. अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली नाही आणि अनेक सावकारांनी कर्जाऐवजी विक्रीखत लिहून घेण्याची वाट शोधली. तरीही नोंद ठेवणाऱ्याचे नोंदीखालील व्यक्तीशी काही कर्तव्य असते, हे तत्त्व प्रस्थापित झाले. सध्या राज्यात या विषयावर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे.

बँका व पगारदारांची पत : शालेय शिक्षण नागपूर येथे झालेले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हे अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीचे सदस्य होते. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या समितीच्या अहवालानुसार १९५१–५२ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सु. ७० टक्के कर्ज सावकारांकडून आलेले होते. सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३·१ टक्के होता. अर्धशतकाच्या प्रयत्नांनंतरही पतविषयक निर्णय मुख्यतः सावकाराच्याच हाती होता. गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाच्या शिफारशींतून १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना आली. त्याच वर्षी १९ जुलै रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. नागपूर जिल्ह्यात अग्रणी बँकेची जबाबदारी बँक ऑफ इंडियाकडे आली.

शहरातील नोकरदारांसाठी पगारदारांच्या सहकारी पतसंस्था हा मुख्य आधार होता. गिरण्या, रेल्वे, शासकीय कार्यालये व शाळा यांतून त्या निघाल्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील ४९ व्या कलमान्वये सभासदाच्या संमतीने हप्ता परस्पर पगारातून कापून घेता येतो. त्यामुळे थकबाकीचा धोका कमी झाला. बँकेच्या शाखेत मात्र शाखाधिकाऱ्याचा अंदाज, वेतनाचे प्रमाणपत्र आणि दोन जामीनदार यांवर कर्ज मिळे. जामीनदार मिळविण्यासाठी ओळख लागे. ओळख नसलेल्या स्थलांतरित कामगारास, फेरीवाल्यास व एकट्या स्त्रीस बँकेची पायरी चढणे कठीण जाई. ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणे हे बँकेचे कर्तव्य असल्याने एका बँकेत नियमित फेड केल्याचा लाभ दुसऱ्या बँकेत मिळत नसे आणि एका बँकेचे कर्ज बुडवून दुसरीकडून घेणेही शक्य होई.

पतमाहिती कंपन्या : अमेरिकेत अनोळखी व्यापाऱ्यांची पत कळावी म्हणून लूइस टॅपन याने १८४१ मध्ये न्यूयॉर्क येथे माहितीसंस्था काढली. पुढे किरकोळ ग्राहकांचीही माहिती जमविली जाऊ लागली. तीत चारित्र्याविषयीच्या ऐकीव गोष्टींचाही समावेश असे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या फेअर आयझॅक कंपनीने फेडीचा संभव संख्याशास्त्राने वर्तविण्याची पद्धत विकसित केली. १९७० च्या अमेरिकन कायद्याने नागरिकास स्वतःची माहिती पाहण्याचा व चुकीवर हरकत घेण्याचा हक्क दिला. तेथील सर्वसाधारण पतगुणांक १९८९ पासून वापरात आला.

भारतात रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कार्यगटाच्या शिफारशींनंतर २००० मध्ये क्रेडिट इन्फर्मेशन ब्यूरो (इंडिया) लिमिटेड म्हणजेच सिबिल ही कंपनी स्थापन झाली. तिच्या ग्राहकविभागाचे काम २००४ मध्ये सुरू झाले. बँकांच्या गुप्ततेच्या कर्तव्यास अपवाद करून माहितीच्या देवाणघेवाणीस वैधानिक आधार देणारा पतमाहिती कंपन्या (नियमन) अधिनियम २००५ मध्ये संमत झाला व डिसेंबर २००६ पासून अंमलात आला. नंतर एक्स्पेरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क या कंपन्यांनाही परवाने मिळाले. सर्व पतसंस्थांनी (म्हणजे कायद्यातील व्याख्येप्रमाणे बँका, वित्तकंपन्या इत्यादींनी) चारही कंपन्यांचे सदस्य व्हावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१५ मध्ये दिला. पहिली कंपनी सिबिल असल्याने तिचे नावच लोकव्यवहारात गुणांकास मिळाले. वस्तुतः चार कंपन्यांचे चार गुणांक असतात आणि ते तंतोतंत जुळतीलच असे नाही.

पतगुणांकाची घडण : गुणांक ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो. तो जितका मोठा, तितका फेडीत खंड पडण्याचा संभव कमी मानला जातो. सु. ७५० वरील गुणांक अनेक बँका समाधानकारक समजतात. तथापि कर्ज द्यावे की नाही, हे कंपनी ठरवीत नाही. तो निर्णय बँकेचाच असतो. गुणांकाची सूत्रे कंपन्या पूर्णपणे उघड करीत नाहीत. परंतु त्यांतील मुख्य घटक ज्ञात आहेत. पहिला व सर्वांत महत्त्वाचा घटक फेडीचा इतिहास हा होय. प्रत्येक खात्यावर हप्ता किती दिवस थकला, याची महिनावार नोंद मागील तीन वर्षांसाठी अहवालात दिसते. दुसरा घटक म्हणजे क्रेडिट कार्डावरील मंजूर मर्यादेपैकी वापरलेला भाग. तिसरा घटक खात्यांचे वय, चौथा घटक तारणी व बिनतारणी कर्जांचे प्रमाण आणि पाचवा घटक थोड्या काळात नव्या कर्जासाठी केलेल्या अर्जांची संख्या. उत्पन्न, जात, धर्म व संपत्ती यांची नोंद गुणांकात धरली जात नाही. मोठ्या पगाराच्या व्यक्तीचा गुणांक लहान आणि साध्या कारकुनाचा मोठा असणे म्हणूनच शक्य असते.

पतसुधारणा : गुणांक सुधारण्याचे मार्ग या घटकांवरूनच निघतात, त्यात गूढ असे काही नाही. हप्ता व कार्डाचे देयक नियत दिनांकापूर्वी भरणे हा मुख्य उपाय होय. कार्डाच्या देयकात दाखविलेली ‘किमान देय रक्कम’ भरल्यास थकबाकीची नोंद टळते, परंतु उरलेल्या रकमेवर मोठ्या दराने व्याज चालू राहते व वापरलेली मर्यादाही फारशी कमी होत नाही. वाढीदिढीचे गणित न कळणाऱ्या कुळासारखीच येथेही ग्राहकाची फसगत होते. समजा, एखाद्याच्या कार्डाची मर्यादा ५०,००० रु. असून देयक निघण्याच्या दिवशी ४५,००० रु. देणे आहेत. त्याने पुढे सर्व रक्कम वेळेवर भरली, तरी कंपनीकडे बहुधा ९० टक्के वापराची नोंद जाते. देयक निघण्यापूर्वीच ३०,००० रु. भरल्यास हीच नोंद ३० टक्क्यांची होते. वापर साधारणपणे ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असा सल्ला दिला जातो. तो नियम नव्हे, एक व्यावहारिक अंदाज आहे.

एकाच वेळी अनेक बँकांकडे अर्ज केल्यास ऋणकोची निकड सूचित होते आणि गुणांक उतरू शकतो. स्वतःचा अहवाल स्वतः मागविल्याने मात्र गुणांकावर परिणाम होत नाही. जुने व नियमित चाललेले खाते निष्कारण बंद केल्याने इतिहास तोकडा होतो. दुसऱ्याच्या कर्जास जामीन राहणाऱ्याच्या अहवालातही त्या कर्जाची नोंद येऊ शकते. अमर्यादित जबाबदारीच्या सहकारी संस्थेत शेजाऱ्याची चूक अंगावर येई, तशीच ती येथेही येते. फरक एवढाच की, संस्थेच्या सभेत ती आधी कळे, येथे पुष्कळदा कर्ज नाकारले गेल्यावर कळते. ठरावीक रक्कम घेऊन काही दिवसांत गुणांक वाढवून देण्याची हमी देणाऱ्या मध्यस्थांवर विसंबणे व्यर्थ होय. खरी असलेली नोंद कोणालाही पुसता येत नाही, आणि खोटी असलेली नोंद ऋणकोस विनामूल्य दुरुस्त करून घेता येते. नियमित फेडीचा परिणाम महिन्यांनी दिसतो, दिवसांनी नव्हे.

यासंदर्भात ‘समेट’ या शब्दाच्या बदललेल्या अर्थाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. १९३३ च्या मंडळांपुढे झालेला समेट हा ऋणकोचा नवा आरंभ मानला जाई. त्याने कर्जाचा इतिहास बंद होई. आजच्या अहवालात पूर्ण रकमेहून कमी रकमेवर मिटविलेल्या खात्यास तडजोडीने मिटविल्याचा शेरा लागतो. तो थकबाकीइतका गंभीर नसला, तरी पूर्ण फेडीच्या बरोबरीचा नसतो व अनेक वर्षे राहतो. पतमाहिती किमान सात वर्षे जतन करणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. त्यामुळे तडजोडीचा प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी पूर्ण फेडीसाठी हप्ते वाढवून घेता येतात काय, हे पाहणे ऋणकोच्या हिताचे ठरते. उरलेली रक्कम नंतर भरून बँकेकडून ना-देय प्रमाणपत्र घेतल्यास शेरा बदलून मागता येतो.

नोंदीतील चुका व ऋणकोचे अधिकार : नामसादृश्य, चुकीचा पॅन क्रमांक, फेडूनही चालू दिसणारे कर्ज, न घेतलेले कर्ज असे दोष अहवालांत आढळतात. २००५ च्या अधिनियमातील २१ व्या कलमाने अर्जदारास आपली माहिती मागण्याचा व चूक असल्यास ती तीस दिवसांत दुरुस्त करून मागण्याचा अधिकार दिला. जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने दर वर्षी एक पूर्ण अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक झाले. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली आल्या. ऑक्टोबर २०२३ च्या आदेशाने अहवाल कोणी पाहिल्यास संबंधित व्यक्तीस सूचना देणे आणि तीस दिवसांत तक्रार न निवारल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसास १०० रु. भरपाई देणे ठरविण्यात आले. माहिती महिन्याऐवजी पंधरवड्याने अद्ययावत करण्याचा नियम जानेवारी २०२५ पासून लागू झाला. १९३४ च्या कायद्यातील वार्षिक विवरण व या तरतुदी यांत तत्त्वतः भेद नाही. वही सावकाराच्या पेटीतून संगणकात गेली, एवढेच.

मर्यादा : पतगुणांकाने शाखाधिकाऱ्याच्या मर्जीचे महत्त्व कमी केले, अनोळखी परंतु नियमित ऋणकोस आपली सचोटी सिद्ध करण्याचे साधन दिले आणि निर्णय जलद केले. परंतु त्याची दृष्टी मर्यादित आहे. लहान सहकारी पतसंस्था, परवानाधारक सावकार, दुकानदाराची उधारी, भिशी यांतील फेड सर्वसाधारणपणे त्यात उमटत नाही. पतसंस्थेत वीस वर्षे एकही हप्ता न चुकविलेला सभासद बँकेच्या लेखी इतिहासशून्य असू शकतो. केवळ पूर्वीचा इतिहास नाही म्हणून प्रथम कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले आहे. अशा व्यक्तीने मुदत ठेवीच्या तारणावर लहान कर्ज किंवा कार्ड घेऊन नोंदीस आरंभ करणे हा एक मार्ग आहे.

विदर्भातील कोरडवाहू कापूस उत्पादकाच्या बाबतीत ही मर्यादा अधिक गंभीर होते. त्याची फेड पावसावर, बोंडअळीवर व बाजारभावावर अवलंबून असते. गुणांकास मात्र हप्ता थकला एवढेच दिसते, तो का थकला हे दिसत नाही. पीककर्जासाठी गुणांकाची अट घालू नये, अशा सूचना महाराष्ट्र शासनाने बँकांना वारंवार दिल्या. बँकांच्या बाजूने पाहता ठेवीदारांचा पैसा सुरक्षित ठेवणे हे त्यांचे कर्तव्य असून माहितीकडे डोळेझाक करणे त्यांना शक्य नसते. या दोन बाजूंतील तोल अद्याप साधलेला नाही. १९२९ च्या मंदीने जो धडा दिला, तो गुणांकाच्या सूत्रात कसा बसवावा, हा प्रश्न खुला आहे.

सावकाराच्या वहीपासून पतगुणांकापर्यंतच्या या वाटचालीत पत मोजण्याची साधने बदलली. परंतु ऋणकोचे हित प्रत्येक टप्प्यावर एकाच गोष्टीने साधले गेले, ती म्हणजे आपल्याविषयीची नोंद पाहण्याची, समजून घेण्याची व चूक असल्यास तीवर हरकत घेण्याची मुभा. १८७५ मध्ये जे कागद जाळावे लागले, ते आज विनामूल्य मागवून वाचता येतात. या अधिकाराचा नियमित वापर करणे, हा व्यक्तिगत पत राखण्याचा व सुधारण्याचा पहिला उपाय होय.